मानचिन्हाला टेकू नये

आमच्या नगरपालिकेच्या मानचिन्हावर दोन प्राणी आहेत. ते कोणते, हे नगरपालिकेला माहीत नाही. कोणी सांगितलं असतं तर मलाही ही थट्टाच वाटली असती, पण मी स्वतः एकेका टेबलापाशी उभा राहून विचारून आलो आहे.

मानचिन्ह म्हणजे ते चित्र. मधे ढाल, ढालीवर पूल, पुलाखाली पाणी, पाण्यात मासा. दोन बाजूंना हे दोन प्राणी मागच्या पायांवर उभे राहून ढाल सावरताहेत. वर मुकुट. आमच्या गावात राजा कधी राहिला नाही. एकदा जवळून गेला म्हणतात, तोही न थांबता. पूल केव्हाच वाहून गेला. मासा शहाणा असेल तर त्यानेही नदी बदलली असेल. सगळ्यात खाली पट्टीवर लिहिलंय, 'सेवा, शिस्त, स्वच्छता'. त्यावर मी काही बोलत नाही. मला रक्तदाब आहे.

हे चित्र पाण्याच्या टाकीवर आहे, कचरागाडीवर आहे, कराच्या पावतीवर आहे. एका रंगाऱ्याने ते काढलं, दुसऱ्याने त्याचं बघून काढलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. मूळ कोणी पाहिलेलं नाही. त्यामुळे टाकीवरचे प्राणी सिंहासारखे दिसतात, कचरागाडीवरचे भिजलेल्या कुत्र्यांसारखे, आणि पावतीवर तर दोन म्हाताऱ्या एका टोपलीवरून भांडताहेत असं वाटतं.

मला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला एक बाक बसवायचा होता.

माझी बायको मागच्या हिवाळ्यात गेली. तिचे गुडघे शेवटची काही वर्षं दुखत होते. बाजारातून आमच्या घराकडे येणारा रस्ता चढाचा आहे आणि त्या चढावर टेकायला कुठे काही नाही. अर्ध्यावर औषधांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर ती बसायची, तर दुकानदार म्हणायचा, "बाई, गिऱ्हाइकाला वाट द्या." ती स्वतः त्याचीच गिऱ्हाईक होती, गुडघ्याचं मलम तिथूनच आणायची. घरी येऊन पिशव्या खाली ठेवत म्हणायची, "एक बाक टाकला तर काय बिघडेल यांचं?" ती मागणाऱ्यांतली नव्हती. तिने मागितलेलं आणि राहून गेलेलं असं मला आठवतं ते एवढंच. म्हणून ठरवलं, त्या चढावर अर्ध्या वाटेत बाक टाकायचा. वर एक ओळ लिहायची, 'दमलात तर बसा.' बस्स.

हे मी मेहुणीला सांगितलं. ही बायकोची धाकटी बहीण, गल्लीच्या टोकाला राहते आणि माझं जेवण नीट चाललंय का ते बघायला रोज येते, म्हणजे स्वयंपाकघरातले डबे उघडून बघते.

"बाक?" ती म्हणाली. "भावोजी, ताईच्या नावाने काहीतरी भरीव करा. वाचनालयाला कपाट द्या."

"तिला कपाटात बसायचं नव्हतं," मी म्हणालो.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. वजनमापे खात्यातून निवृत्त झाले, म्हणून त्यांना सगळे वजनमापेच म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासल्यामुळे आपलं ते बरोबर अशी त्यांची समजूत झाली आहे. ते जिन्यात थांबून म्हणाले, "परवानगीशिवाय ठेवलात तर ते अतिक्रमण. परवानगी घेऊन ठेवलात तर ती देणगी. वस्तू तीच."

मी परवानगी घ्यायला गेलो. मी पंपांच्या कारखान्यात फोरमन होतो. आमच्याकडे एखादा नट बसला नाही तर दुसरा घ्यायचा, एवढंच शास्त्र. त्या शास्त्रावर विसंबून नगरपालिकेत जाऊ नये.

बाकांचं काम उद्यान विभागाकडे होतं. अधीक्षक टेबलावर कुंडी ठेवून बसले होते. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं.

"कुठल्या उद्यानात?" त्यांनी विचारलं.

"उद्यानात नाही. चढावर."

"बाक आहे म्हणजे उद्यान विभागच."

"बरं. मग द्या परवानगी."

"देऊ की. पण देणगीच्या वस्तूवर नगरपालिकेचं मानचिन्ह लागतं. ओतीव लोखंडाचं, वीतभर रुंद, बाकाच्या मधोमध."

"पण बाक मी देतोय."

"म्हणूनच तर. नाहीतर लोकांना वाटेल, तुम्ही दिलाय."

कारखान्यात मी मोठमोठे बिघाड पाहिले होते, पण ते यंत्रांतले होते.

मानचिन्ह 'मूळ नमुन्याबरहुकूम' हवं, अशी अट होती. मूळ नमुना कुठे आहे? अधीक्षक म्हणाले, अभिलेख कक्षात. अभिलेख कक्ष म्हणाला, आमच्याकडे होता, पावसाचं पाणी शिरलं तेव्हा बांधकाम विभागाने वाळवायला नेला. बांधकाम विभाग म्हणाला, आम्ही वाळवत नाही, आम्ही फक्त बांधतो. शेवटी अधीक्षकांनीच कंटाळून सांगितलं, "अहो, टाकीवरचं बघून करा ना."

"पण ते प्राणी कोणते?"

"असतील काहीतरी. चार पाय आहेत ना?"

मग मी विचारतच सुटलो. आरोग्य विभाग म्हणाला, कुत्रे, इमानाचं प्रतीक. करवसुलीतला माणूस म्हणाला, "वाघ हो. वसुलीला दुसरं काय चालणार?" जन्ममृत्यू नोंदणीतल्या बाई विणकाम करत होत्या. त्यांनी चष्मा वर करून पावतीवरचं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "घोडे असावेत. एक गाभण दिसतेय." शेवटी मला शिष्टाचार अधिकाऱ्याकडे पाठवलं. असा अधिकारी आपल्याकडे आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मोठे पाहुणे आले की कोणी कुठे उभं राहायचं ते हा ठरवतो. मोठे पाहुणे येत नाहीत, त्यामुळे तो फार दिवस नुसता स्वतःच कुठे बसायचं ते ठरवत होता.

"ते मानचिन्हातले प्राणी आहेत," तो शांतपणे म्हणाला. "त्यामुळे ते कोणते प्राणी, हा प्रश्नच येत नाही."

"पण ओतणाऱ्याला काहीतरी सांगावं लागेल."

"आदरणीय प्राणी, असं सांगा."

कारखान्याच्या मागे ओतारी आहे, आमची जुनी ओळख. पंपांचे भाग तोच ओतायचा. मी त्याला आदरणीय प्राणी सांगितले. तो तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला, "साहेब, नाव सांगा. मी काहीही ओतेन. पुढून सिंह मागून कुत्राही ओतेन. पण मग परत घेणार नाही."

मी म्हणालो, सिंह.

त्याने सिंह ओतले. असे ओतले की काय सांगू. आयुष्यभर पंपाची चाकं ओतून कंटाळलेला माणूस तो, त्याला पहिल्यांदा प्राणी मिळाला होता. आयाळ काय, पंजे काय, आणि नाकं तर बोटाच्या पेरभर पुढे आलेली, टोकदार. "नाक बघा," तो म्हणाला. "असं नाक नगरपालिकेत एकालाही नाही."

मानचिन्हाचा तो ओतीव पत्रा घेऊन मी मंजुरीसाठी गेलो. आता हे मला नाकारणार, मग मी भांडणार, अशी तयारी करून गेलो होतो. घडलं ते त्याहून वाईट. नगराध्यक्षांना तो फार आवडला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला आणि ओरडले, "अरे, हेच! हेच आपलं मूळ मानचिन्ह!"

"साहेब, मूळ नाही, मी गेल्या आठवड्यात करून घेतलंय," मी म्हणालो.

"मूळ हरवलंय ना? मग जे चांगलं तेच मूळ."

पुढच्या सभेत ठराव झाला. या पत्र्यावरचं मानचिन्ह हाच यापुढे अधिकृत नमुना; गाड्या, टाक्या, पावत्या, सगळीकडे चित्र यावरूनच उतरवून घ्यावं. पत्रा नगराध्यक्षांच्या दालनात कपाटावर ठेवला. मी विचारलं, "माझ्या बाकाचं काय?" तर म्हणाले, "अधिकृत नमुना असा बाहेर कसा देणार?" मी म्हणालो, "मग दुसरा ओततो." तर म्हणाले, "दुसरा म्हणजे नक्कल. एकदा नक्कल सुरू झाली की पुन्हा तीच गत." ओताऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा सुपारी थुंकली.

मी रोज जाऊन दालनाबाहेर बसू लागलो. तिथे बसायला बाक होता, हे मी मुद्दाम नमूद करतो. उत्तम होता, गादीचा. शिपाई मला आधी चहा द्यायचा, मग चहा बंद केला, मग मलाच विचारू लागला, "काका, जरा बाहेर जाऊन येतो, फोन आला तर घ्याल?" मी फोन घेतले. बहुतेक लोक पाणी का आलं नाही ते विचारायचे. मी सांगायचो, "पाहतो." एवढंच उत्तर द्यायचं असतं, हे दोन-तीन दिवसांत कोणीही शिकेल.

मेहुणी म्हणाली, "भावोजी, तुम्ही तिथे कामाला लागलात म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"औषधवाला. म्हणे, यांना सांगा गटार तुंबलंय."

अखेर नगराध्यक्षांनाच कंटाळा आला. त्यांनी तोडगा काढला: अधिकृत नमुना बाकावरच बसवायचा, म्हणजे तो सुरक्षितही राहील आणि रंगाऱ्यांना केव्हाही बघता येईल. मला वाटलं, सुटलो. पाठीच्या फळीवर मधोमध पत्रा बसवला, बाक हातगाडीवर चढवला, आणि तेवढ्यात शिष्टाचार अधिकारी आला. त्याच्या आयुष्यात एवढ्या वर्षांनी काम आलं होतं. ते तो सहजासहजी सोडणार नव्हता.

"हे पाठीला आहे," तो म्हणाला.

"बाकाला पाठ असते."

"नागरिकांच्या पाठीला म्हणतोय मी. लोक मानचिन्हाला पाठ लावणार. हा अवमान आहे."

उद्यान अधीक्षकांना बोलावलं. ते म्हणाले, मग मागच्या बाजूने लावा. अधिकारी म्हणाला, मागे भिंत आहे, मानचिन्हाचं तोंड भिंतीकडे करणार? ते शाळेत शिक्षा म्हणून करतात. बसायच्या फळीवर लावू का, असं मी विचारलं. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला स्वतःचीच लाज वाटली. पायांशी लावलं तर लाथा लागतील. वर दांडा उभारून लावलं तर वाऱ्याने कोणाच्या तरी डोक्यात पडेल, आणि मग ज्याच्या डोक्यात पडलं त्याने मानचिन्हाचं नुकसान केलं असं होईल. दोघे रस्त्यात उभे राहून भांडत होते, हातगाडीवाला भाड्याचं काय म्हणून विचारत होता. मी म्हणालो, "अहो, बाक ही बसायची वस्तू आहे."

"ते उद्यान विभागाचं मत झालं," शिष्टाचार अधिकारी म्हणाला.

वजनमापे बाजारातून येत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. बाक उलटा ठेवा. पाय वर." ते गंभीर होते.

शेवटी दोन्ही विभागांचं समाधान झालं. उद्यान विभागाच्या नियमाप्रमाणे मानचिन्ह पाठीच्या मधोमध राहिलं. शिष्टाचार विभागाच्या नियमाप्रमाणे बाजूला पाटी लागली, 'मानचिन्हाला टेकू नये', आणि बाकाभोवती चार खांब बोल्टांनी बसवून साखळी लावली. माझी ओळही बदलली. 'दमलात तर बसा' असं लिहिलं तर आमचे रस्ते दमवणारे आहेत अशी कबुली होते, म्हणाले. त्याऐवजी नगराध्यक्षांच्या प्रेरणेने आणि अमुकांच्या सहकार्याने असा मजकूर आला. तो एवढा लांब होता की डाव्या हाताच्या दांडीवर सुरू होऊन उजव्या दांडीवर संपला.

उद्घाटनाला फीत होती. नगराध्यक्षांनी भाषण केलं. माझ्या बायकोला त्यांनी थोर समाजसेविका म्हटलं. तिला आपल्या मानचिन्हाचा नितांत अभिमान होता, असंही म्हणाले. ती नगरपालिकेच्या कॅलेंडरची पानं कचऱ्याच्या डब्याच्या तळाला घालायची, मानचिन्ह वर येईल असं. मेहुणीने माझं कोपर धरून ठेवलं होतं. फोटोसाठी नगराध्यक्ष क्षणभर बाकावर बसले, अगदी कडेला, पाठ ताठ, दात काढून घ्यायला आल्यासारखे. मग साखळी लावली आणि सगळे गेले.

मी तिथेच राहिलो. थोड्या वेळाने बाजारातून लोक वर येऊ लागले. चढाच्या मध्यावर दम लागला की थांबायचे, बाकाकडे बघायचे, पाटी वाचायचे आणि साखळीच्या खांबाला धरून उभे राहायचे. आधी त्या चढावर बसायला काही नव्हतं. आता बसायला काही नव्हतं आणि वाटेत साखळी होती. माझ्या बायकोच्या नावाने मी एवढंच करून ठेवलं होतं.

त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. मेहुणीने डबे उघडून पाहिले आणि पुन्हा झाकणं लावली. मग जाताना दारातून म्हणाली, "भावोजी, ताई असती तर तिने साखळी ओलांडली असती का?"

"गुडघे कुठे होते तिला ओलांडायला?" मी म्हणालो.

हे बोललो आणि उठलो. कारखान्याचा निळा अंगरखा चढवला, पाना घेतला आणि भर दुपारी, रहदारीत, साखळीचे आणि खांबांचे नट सोडवायला बसलो. कोणीतरी हटकेल, मग मी काय ते सुनावेन, असं मनात घोळवत होतो. कोणी हटकलं नाही. अंगरखा बघून सगळ्यांनी मला नगरपालिकेचा माणूस धरलं. एकाने आमच्या गल्लीतला दिवा कधी लावणार म्हणून विचारलं. औषधवाला पायरीवर येऊन म्हणाला, "बरं झालं काढताय. गिऱ्हाइकं अडखळत होती." एका पोलिसाने तर माझ्यासाठी रिक्षा थांबवून धरली. साखळी आणि खांब मी हातगाडीवर टाकून उद्यान विभागात नेऊन जमा केले. अधीक्षकांनी विचारलं, "कोणी काढायला सांगितलं?" मी म्हणालो, "बांधकाम विभागाने." त्यांनी मान डोलावली. तिथे कोणी कोणाला विचारायला जात नाही, एवढं मी दालनाबाहेर बसून शिकलो होतो.

परत आलो तर बाकावर एक बाई बसल्या होत्या. साठी उलटलेली, दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या. तिसरी पिशवी त्यांनी 'मानचिन्हाला टेकू नये' या पाटीला अडकवली होती. मी उभाच राहिलो.

"बसा की भाऊ," त्या सरकत म्हणाल्या. "जागा आहे."

मी बसलो. मग त्या मागे टेकल्या आणि "अगं आई गं" म्हणून पुन्हा पुढे झाल्या.

"काय झालं?"

"टोचतंय हो काहीतरी. कोणी लावलाय हा राक्षस मधेच?"

मी ओताऱ्याला आठवून मनातल्या मनात क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी घरून कानस घेऊन गेलो आणि सिंहांची नाकं घासायला घेतली. ओतीव लोखंड कठीण असतं, एका बैठकीत होत नाही. रोज थोडं थोडं. त्या बाई येता-जाता पाठ टेकून बघायच्या आणि सांगायच्या, "डावीकडचा अजून आहे," किंवा, "याच्या पंज्याचंही बघा जरा." आणखी दोघी-तिघी येऊ लागल्या. त्याही पाठ लावून तपासायच्या. नाकं गेली, मग भुवया, मग आयाळीची टोकं, मग मुकुटाचे कंगोरे. सेवा, शिस्त आणि स्वच्छता यांपैकी शिस्त कमरेला लागत होती, तीही घासून काढली.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. मधल्या काळात कचरागाड्यांना नवा रंग द्यायचा निघाला होता आणि ठरावाप्रमाणे रंगारी नमुना उतरवून घ्यायला बाकापाशी येऊन गेला होता. मी तेव्हा जेवायला घरी गेलो असणार.

परवा संध्याकाळी आम्ही बाकावर बसलो होतो. त्या बाई होत्या, मी होतो, मेहुणीही आली होती, डबा घेऊन. खालून कोरी करकरीत कचरागाडी चढ चढत आली. तिच्यावर सोनेरी रंगात मानचिन्ह होतं. मधे ढाल, आणि दोन बाजूंना दोन गुळगुळीत, बिननाकाचे, बिनडोळ्यांचे प्राणी, मेणबत्ती वितळत आल्यावर उरते तसे. खाली लिहिलं होतं, 'सेवा, स्वच्छता'. नगरपालिकेत हे कोणाच्या नजरेला आलं नव्हतं. येणारही नव्हतं.

मेहुणीने तोंडाला पदर लावला. बाई मात्र मान वाकडी करून गाडीकडे बघत राहिल्या.

"मेंढरं आहेत का हो ती?"

"सिंह आहेत, ताई," मी म्हणालो.

"असू देत," त्या म्हणाल्या आणि पाठ पूर्ण टेकून, पाय लांब करून बसल्या. "पाठीला लागत नाहीत."